‘हवा लागत नाही’ : प्रस्तावना

एसीच्या धंद्यातली सर्वांत जुनी तक्रार तीन शब्दांची आहे: ‘हवा लागत नाही.’ ती ऐकून गेलेला मेकॅनिक बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. स्टुलावर चढतो, ग्रिलसमोर तळहात धरतो आणि खाली बघत म्हणतो, ‘येतेय की, साहेब.’ साहेब म्हणतात येत नाही, हा म्हणतो येतेय, आणि दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत असतात. तळहाताला कळतो तो गारवा. हात घामेजलेला असेल तर मंद झुळूकही जोरदार वाटते, आणि हवा अंगाइतकीच कोमट असेल तर बऱ्यापैकी वाराही जाणवत नाही. कागदाची पट्टी किंवा अगरबत्तीचा धूर हातापेक्षा बरा, कारण त्यातून निदान दिशा तरी कळते. पण ‘किती’ असं कोणी विचारलं की उपकरण काढावंच लागतं.

हे पुस्तक अशा उपकरणांबद्दल आहे: हवेचा वेग, प्रवाह आणि दाब मोजणारी, हातात धरून किंवा छोट्या पेटीत घालून कुठेही नेता येणारी. भिंतीवर कायमचे बसवलेले गेज, वेधशाळेच्या मनोऱ्यावरची यंत्रं, विमानातली यंत्रणा हा याचा विषय नाही; त्यांचा उल्लेख लागेल तेवढाच येईल. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून बाहेर पडलेली मुलं, कारखान्यांच्या मेंटेनन्स खात्यातली माणसं, हॉस्पिटलचे इंजिनिअर, औषध कंपन्यांत व्हॅलिडेशन करणारे आणि खाणीत हवा मोजणारे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. यांच्यापैकी बहुतेकांकडे उपकरण असतं, बऱ्याचदा चांगलं महागाचंही असतं. सोबत आलेलं माहितीपत्रक कुठलं बटण दाबायचं ते सांगतं. उपकरण कुठे धरायचं, किती वेळ धरायचं आणि पडद्यावर आलेल्या आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही, हे मात्र ते सांगत नाही. हवा मोजताना होणाऱ्या बहुतेक चुका उपकरणात नसतात, उपकरण धरण्यात असतात. आणि डिजिटल पडद्याची अडचण अशी की चुकीचा आकडाही बरोबर आकड्याइतकाच ठसठशीत दिसतो. सगळं पुस्तक या एका गोष्टीभोवती फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी एक साधी गोष्ट स्पष्ट करू. या धंद्यात उठताबसता ‘सीएफएम’ बोललं जातं, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा. पण हातातलं उपकरण सहसा सीएफएम मोजतच नाही. ते एका ठिकाणचा वेग मोजतं, किंवा दोन ठिकाणच्या दाबातला फरक मोजतं. त्या वेगाला आपण क्षेत्रफळाने गुणतो आणि प्रवाह निघतो. म्हणजे सीएफएमच्या आकड्यातला अर्धा भाग उपकरणाचा आणि अर्धा आपल्या टेपचा. ग्रिलची लांबी-रुंदी बाहेरच्या चौकटीची धरायची, की पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेची? या एका प्रश्नावर एकाच ग्रिलचे दोन वेगवेगळे सीएफएम निघतात, आणि कंत्राटदार व सल्लागार यांच्यातली अर्धी भांडणं इथेच लागतात. ग्रिलच्या पट्ट्यांमधून हवा आखडून बाहेर पडते, त्यामुळे तिथे तिचा वेग वाढतो. पंख्याचं उपकरण अगदी पट्ट्यांना टेकवून धरलं आणि येणारा वेग पूर्ण चौकटीच्या क्षेत्रफळाने गुणला, तर ग्रिल कागदावर उदार होतं. त्यासाठी ग्रिल बनवणाऱ्याने दिलेला गुणक वापरायचा, नाहीतर कापडी टोपीचं फ्लो हूड संपूर्ण ग्रिलवर बसवायचं आणि सगळी हवा त्याच्या गळ्यातून जाऊ द्यायची. फ्लो हूडला बॅलोमीटरही म्हणतात. ते दिसायला अवजड, स्टुलावर चढून दोन्ही हातांनी उचलून धरायचं, पाच-सहा ग्रिल झाली की खांदे भरून येतात. पण छतातल्या डिफ्युझरवर त्याच्याइतकं प्रामाणिक दुसरं काही नाही.

इतिहासात फार रमायचं कारण नाही, पण दोन माणसं सोडून पुढे जाता येत नाही. हवेचा वेग मोजायला झुलती पाटी लावण्याची कल्पना इटलीच्या आल्बेर्तीने १४५० च्या सुमारास मांडली होती; तेवढं सांगून थेट पिटोकडे येऊ. आंरी पिटो हा फ्रेंच इंजिनिअर. १७३२ साली त्याने पॅरिसमध्ये सेन नदीच्या पाण्यात दोन नळ्या उभ्या धरल्या. एक सरळ होती, आणि दुसरीचं खालचं टोक काटकोनात वळवून प्रवाहाच्या तोंडाला दिलेलं होतं. वळवलेल्या नळीत पाणी जास्त वर चढलं, आणि दोन पातळ्यांतल्या फरकावरून पाण्याचा वेग काढता आला. त्या काळच्या अनेक जाणकारांचं मत होतं की नदीत जसजसं खोल जावं तसतसा वेग वाढतो. पिटोच्या नळीने उलटंच दाखवलं. पुढे एकोणिसाव्या शतकात आंरी दार्सीने ती नळी सुधारली, नंतर लुडविग प्रांड्टलने स्थिर दाबाची भोकं त्याच नळीच्या अंगावर घेऊन तिला आजचं रूप दिलं, आणि आज डक्टमध्ये आपण जी वाकडी नळी खुपसतो ती हीच. नदीसाठी निघालेलं साधन हवेच्या कामाला आलं, कारण हिशोब दोन्हीकडे एकच आहे: समोरून येणारा दाब वजा बाजूचा दाब, आणि त्या फरकाच्या वर्गमुळाच्या पटीत वेग.

त्या वर्गमुळात पिटो नळीचं सगळं सामर्थ्य आहे आणि सगळं दुबळेपणही. नेहमीच्या हवेत सेकंदाला १० मीटर वेग असेल तर दाबाचा फरक ६० पास्कल येतो, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर पाणी. यू-नळीत पाणी भरून डोळ्यांनी वाचता येईल इतका. वेग ५ मीटर असेल तर १५ पास्कल. आणि सेकंदाला १ मीटर असेल तर अवघा ०.६ पास्कल! एवढा फरक नेहमीच्या मॅनोमीटरच्या, म्हणजे दाबमापकाच्या, स्वतःच्या चुकीतच बुडून जातो. म्हणून डक्टच्या मुख्य फांदीत पिटो, आणि ग्रिलच्या तोंडाशी किंवा हेपा फिल्टरखाली पिटो नाही, हा नियम. तो न पाळणारे बरेच भेटतात. त्यांच्या पडद्यावर आकडे येतात, नाही असं नाही. पण ते आकडे वाऱ्याचे नसतात, उपकरणाच्या थरथरीचे असतात.

पिटोचं काम प्रत्यक्ष कसं चालतं ते एकदा जवळून पाहू. गच्चीवर एएचयूच्या (एअर हँडलिंग युनिटच्या) पुढे निघालेला ६०० बाय ४०० मिलिमीटरचा डक्ट आहे असं धरा. वळणापासून शक्य तितकी लांब, सरळ जागा निवडायची. बेंडच्या लगेच पुढे मोजलं तर बाहेरच्या बाजूला हवा धावते आणि आतल्या बाजूला ती उलटी फिरत असते. इन्सुलेशन कापून पत्र्याला ड्रिलने ओळीत भोकं पाडायची, नळी आत जाईल तेवढीच. नळीवर आधीच रंगीत टेपने खुणा केलेल्या असतात: इतके सेंटिमीटर आत पहिला बिंदू, इतके आत दुसरा. नळीचं तोंड बरोबर हवेच्या समोर हवं. बाहेरच्या टोकावरची छोटी दिशादर्शक पट्टी डक्टला समांतर ठेवायची. दोन रबरी नळ्या मॅनोमीटरला. एक जण धरतो, एक जण लिहितो. एका भोकात पाच बिंदू, पाच भोकं, पंचवीस रीडिंग. कोपऱ्यात आकडा खाली येतो, मध्ये वर जातो, आणि एखाद्या ओळीत उगाचच उसळतो तेव्हा समजायचं की मागे डॅम्पर अर्धवट बंद आहे. पंचवीस झाली की भोकांना रबरी बुचं लावायची. पुष्कळ इमारतींच्या डक्टवर तुम्हाला ही भोकं उघडीच दिसतील. मोजणारा मोजून गेला आणि गळती मागे ठेवून गेला.

आता सरासरी काढायची, आणि सगळ्यांत मोठी चूक नेमकी इथे होते. पंचवीस दाबांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घ्यायचं नसतं. प्रत्येक दाबाचा आधी वेग काढायचा आणि मग वेगांची सरासरी घ्यायची. फरक पडतो का? दोनच बिंदू घेऊन बघा. एका ठिकाणी ४ पास्कल, दुसऱ्या ठिकाणी ३६. वेग येतात २.५८ आणि ७.७५, सरासरी ५.१६ मीटर प्रति सेकंद. दाबांची सरासरी मात्र २०, आणि तिच्यावरून वेग निघतो ५.७७. बारा टक्के हवा कागदावरच पैदा झाली. ही चूक नेहमी एकाच बाजूला होते, हवा जास्त दाखवण्याच्या. त्यामुळे कंत्राटदाराला तिची कधी तक्रार नसते.

पिटोच्या भोकांबद्दल एक इशारा पुस्तकात वारंवार आला आहे, तो का हे इथेच सांगतो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाता इथून उडालेलं बर्गेनएअरचं बोइंग ७५७ काही मिनिटांत समुद्रात कोसळलं आणि त्यातली सर्व १८९ माणसं गेली. वैमानिकाच्या बाजूचा वेगदर्शक चुकीचा वेग दाखवत होता. विमान बरेच दिवस जमिनीवर उभं होतं, पिटो नळ्यांवर झाकण नव्हतं, आणि तपासात सर्वांत जास्त संशय घेतला गेला तो मातीचं घर करणाऱ्या कुंभारीण माशीवर. आपल्या गच्चीवरच्या पेटीत ठेवलेली पिटो नळी आणि ती विमानातली नळी यांच्यात तत्त्वाचा काहीच फरक नाही. नळी बाहेर काढली की तोंडाने हलकेच फुंकून पाहायचं, बाजूची बारीक भोकं उजेडात बघायची. दहा सेकंदांचं काम आहे.

कारखान्याच्या धुराड्यांवर हीच भोकं नडतात. बॉयलरच्या धुरात राख असते; बारीक भोकं बघता बघता बुजतात. म्हणून तिथे पाठीला पाठ लावलेल्या दोन जाड नळ्यांची एस आकाराची पिटो वापरतात. तिचा गुणक १ नसून साधारण ०.८४ असतो, तो हिशोबात घ्यायचा. धुराड्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून हे काम करणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे, पट्टा बांधण्यापासून.

इतिहासातला दुसरा माणूस रॉबिन्सन. आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेचा हा खगोलशास्त्रज्ञ. त्याने १८४६ मध्ये चार वाट्यांचं वायुवेगमापक मांडलं, वेधशाळांच्या गच्चीवर गरगर फिरणारं तेच. वाट्या वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतात आणि त्याचा वाट्यांच्या किंवा दांड्यांच्या मापाशी संबंध नाही, असं त्याने ठामपणे सांगितलं. तीनने गुणा, झालं. इतका सोपा आकडा कोणाला आवडणार नाही! तो अनेक वर्षं चालला, आणि मग कळलं की वाटीचा व्यास आणि दांडीची लांबी बदलली की तो गुणकही बदलतो, दोनपासून तीनच्या थोडं वरपर्यंत. म्हणजे त्या काळात नोंदलेले कितीतरी वारे खऱ्यापेक्षा जोराचे लिहिले गेले. वाट्यांची छोटी हातातली उपकरणं आजही मिळतात आणि शेतात फवारणीआधी वारा बघायला, किंवा बांधकामावर क्रेन चालवताना ती उपयोगी आहेत. फक्त त्या आकड्याची हवामान खात्याच्या आकड्याशी तुलना करू नये. खात्याचा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला असतो; तुमच्या छातीच्या उंचीवर तो कमीच भरणार. (पुण्यात शिवाजीनगरला ज्याला सगळे सिमला ऑफिस म्हणतात, ते या खात्याचंच. १९२८ मध्ये सिमल्याहून मुख्य कचेरी पुण्यात आली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.)

आता पंख्याच्या उपकरणाकडे, ज्याला बाजारात वेन म्हणतात. हे खाणीतून आलं. १८४० च्या दशकात इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या कोळसा खाणींवर काम करणाऱ्या बेंजामिन बायरमने कड्यात बसवलेला हलका पंखा आणि त्याच्या फेऱ्या मोजणाऱ्या तबकड्या असं साधन केलं. खाणीत हवा मोजणं ही हौस नव्हती. हवा कमी पडली की मिथेन साचतो आणि साचलेल्या मिथेनला ठिणगी पुरते. आपल्याकडचे कोळसा खाणींचे नियम त्याच अनुभवातून आले आहेत. जमिनीखालच्या प्रत्येक विभागात सर्वांत मोठ्या पाळीतल्या दर माणसामागे मिनिटाला किमान ६ घनमीटर, किंवा रोज निघणाऱ्या दर टन कोळशामागे २.५ घनमीटर, यांतलं जे जास्त असेल तेवढी हवा शेवटच्या टोकापर्यंत पोचलीच पाहिजे. फॅनपाशी नव्हे, टोकापर्यंत. वाटेत पडदे फाटलेले असतात, दारं उघडी राहतात, आणि फॅनने ढकललेली हवा मधेच परत वळते.

विदर्भात आता बऱ्याच कोळसा खाणी उघड्या झाल्या असल्या, तरी सावनेरकडे माणसं अजून जमिनीखाली उतरतात. भंडारा जिल्ह्यात चिखला इथल्या मँगनीजच्या खाणीतही उतरतात. तिथे हवा मोजणाऱ्याची पद्धत शहरातल्या एसीवाल्यांनी एकदा बघावी. मोजायची जागा ठरलेली, बाजू सपाट केलेल्या, क्षेत्रफळ पाटीवर रंगवलेलं. माणूस उपकरण काठीला लावून आपल्या अंगापासून लांब धरतो, कारण स्वतःचं अंगही बोगद्यात हवेला अडवतं. पंखा आधी मोकळा फिरू द्यायचा, वेग धरला की कळ दाबून तबकडी चालू करायची, आणि मिनिटभर सगळ्या तोंडावरून वर-खाली, वर-खाली सावकाश नागमोडी फिरवत न्यायचं. कोपरे सोडायचे नाहीत. मिनिट भरलं की कळ बंद. एकदाच नाही, दोन-तीन वेळा, आणि आकडे जुळले नाहीत तर पुन्हा. हाच माणूस ऑफिसात ग्रिलवर आला असता तर त्याने मध्यावर दोन सेकंद उपकरण धरून आकडा लिहिला नसता.

तिसरं उपकरण तापलेल्या तारेचं. एक बारीक तार किंवा मणी विजेने गरम ठेवायचा. वारा त्याला जितका गार करेल तितका वेग. या गार होण्याचा नियम लुई किंग याने १९१४ मध्ये मांडला. पिटो आणि पंखा दोघंही जिथे हात टेकतात, तिथे, सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत, हे उपकरण निमूटपणे काम करतं. हेपा फिल्टरखालच्या हवेला, प्रयोगशाळेतल्या फ्यूम हूडच्या तोंडाला हेच हवं. औषध कंपन्यांत निर्जंतुक भरणीच्या जागी एका दिशेने वाहणाऱ्या हवेचा वेग ०.३६ ते ०.५४ मीटर प्रति सेकंद असावा, असा मार्गदर्शक आकडा आहे. हा वेग अंगाला जेमतेम जाणवतो. तारेचे दोष तितकेच पक्के: तिला दिशा कळत नाही, उलटी हवाही ती सुलटी म्हणून मोजते, धूळ बसली की आळसावते, आणि टोकाचं टोपण काढून ती नीट धरली नाही तर हाताचा थरकापही वारा म्हणून मोजते.

इथे एक प्रयोग सुचवतो. शक्य असेल त्याने नागपुरात मे महिन्यात करून बघावा. बाहेरची ४५ अंशांची हवा आत ओढणारा डक्ट घ्या आणि त्यात तिन्ही उपकरणं एकाच जागी लावा. हवा खरोखर सेकंदाला १० मीटरने वाहते आहे असं समजू. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, वर एवढं ऊन. हवेची घनता पुस्तकातल्या १.२ वरून १.०६ च्या आसपास उतरते. पंख्याचं उपकरण जवळपास १० दाखवेल. पिटोच्या मॅनोमीटरमध्ये घनता १.२ च ठेवली असेल तर तो ९.४ दाखवेल. आणि बरीचशी तारेची उपकरणं वेग प्रमाणित हवेच्या हिशोबाने दाखवतात, ती ८.८ च्या जवळ येतील. तीन उपकरणं, तीन आकडे, आणि बिघडलेलं एकही नाही. असं झालं की साइटवर सर्वांत महागडं उपकरण खरं मानण्याची रीत आहे. खरं उत्तर हे की तापमान आणि स्थानिक दाब उपकरणात भरायचा, किंवा हाताने दुरुस्ती करायची. त्यासाठीचा तक्ता पुस्तकाच्या शेवटी आहे, तो कापून पेटीत चिकटवावा.

खोल्यांमधल्या दाबाचं प्रकरण मी सर्वांत सविस्तर लिहिलं आहे, कारण तिथे हवा माणसाच्या जिवाशी जोडलेली असते. ऑपरेशन थिएटरमध्ये तासाला किमान २० वेळा हवा बदलावी, त्यातली ४ वेळची बाहेरची ताजी असावी, आणि खोलीचा दाब शेजारच्यापेक्षा निदान २.५ पास्कलने जास्त असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. सहा बाय सहाचं, तीन मीटर उंचीचं थिएटर घेतलं तर तासाला २,१६० घनमीटर हवा, म्हणजे साधारण १,२७० सीएफएम. हे झेपतं. पण २.५ पास्कल म्हणजे पाण्याचा पाव मिलिमीटर! यू-नळीत तो दिसणारच नाही. भिंतीवरच्या गेजची सुई अडकली आहे की खरोखर तिथे आहे, हे नुसतं बघून सांगता येत नाही. ते सांगायला हातातला मॅनोमीटरच लागतो, तोही पास्कलच्या दशांशापर्यंत वाचणारा. त्याला ज्या स्थितीत धरणार त्याच स्थितीत धरून आधी झिरो करायचं, कारण आडवा झिरो केलेला उभा धरला की काही उपकरणं तेवढ्यानेच दोन-तीन पास्कल दाखवतात. म्हणजे थिएटर पास!

आणि चिन्हाकडे लक्ष. थिएटरमध्ये दाब जास्त हवा, म्हणजे बाहेरची हवा आत येऊ नये. क्षयरोग्यांच्या विलगीकरण खोलीत दाब कमी हवा, म्हणजे आतली हवा बाहेर जाऊ नये. तारापूर, वाळूज किंवा वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत तर एकाच मजल्यावर दोन्ही सापडतात: निर्जंतुक भरणीची खोली वरच्या दाबाची, आणि गोळ्यांची पावडर उडते ती खोली कॉरिडॉरपेक्षा खालच्या दाबाची. स्वच्छतेच्या वेगवेगळ्या दर्जाच्या शेजारच्या खोल्यांत १० ते १५ पास्कलचा फरक ठेवतात. मॅनोमीटरच्या दोन रबरी नळ्या उलट्या लागल्या तर आकडा तोच येतो, फक्त वजा चिन्ह बदलतं, आणि तक्त्यात वजा चिन्ह लिहायला बरेच जण विसरतात. म्हणून मी अगरबत्तीला या पुस्तकात मानाचं स्थान दिलं आहे. मॅनोमीटर वाचून झाला की दार बंद करून खालच्या फटीशी धूर धरायचा. २.५ पास्कलचा फरक खरोखर असेल तर फटीतून हवा सेकंदाला दीड-दोन मीटरने जाते, धूर झटकन ओढला जातो, आणि कुठल्या बाजूला ते दिसतं. धुराला उणे-अधिकची गफलत होत नाही. स्वच्छ कक्षात अर्थात अगरबत्ती नेऊ देणार नाहीत. तिथे पाण्याच्या वाफेचं धुकं करणारी यंत्रं असतात.

आता एक कडू गोष्ट. एका मध्यम गावातल्या हॉस्पिटलमध्ये मला ओळीने तीन वर्षांचे थिएटरचे रिपोर्ट दाखवण्यात आले. तिन्ही वर्षी प्रत्येक फिल्टरखालचे पाचही आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत सारखे. हवा अशी वागत नाही. एकाच फिल्टरखाली दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं तरी दुसरा दशांश हलतो. रिपोर्टला कॅलिब्रेशन सर्टिफिकेट जोडलेलं होतं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं, तारखेत बसणारं. उपकरण बहुधा चांगलंच असेल. ते पेटीतून बाहेर आलं होतं का, एवढाच प्रश्न. सर्टिफिकेटबद्दल आणखी एक: त्यात प्रत्येक वेगाला उपकरण किती चुकतं ते लिहिलेलं असतं. ते पान फाइलला लावलं जातं, पण त्यातली दुरुस्ती रीडिंगला लावली जात नाही. माझ्या मते असं सर्टिफिकेट असून नसल्यासारखं आहे.

पुस्तकात मी शब्द कारखान्यातलेच ठेवले आहेत. डक्टला डक्ट, डॅम्परला डॅम्पर म्हटलं आहे. ज्याने आयुष्यभर ‘रीडिंग घेतलं’ त्याला दुसरं काही म्हणायला लावण्यात अर्थ नाही. एककं मुख्यतः मीटर प्रति सेकंद आणि पास्कल. सीएफएम आणि मिलिमीटर पाणी जिथे साइटवर तेच चालतं तिथे. कंपन्यांची नावं टाळली आहेत, कारण मॉडेल दर दोन वर्षांनी बदलतात आणि वर सांगितलेल्या चुका बदलत नाहीत. गणित वर्गमुळापलीकडे जात नाही. ज्यांना पंखा, पिटो आणि तार यांतलं एकच घेण्याची ऐपत आहे त्यांनी आधी तिसरं आणि सातवं प्रकरण वाचावं, मग दुकानात जावं.

शेवटची विनंती उपकरण धरणाऱ्यांना नाही, त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्यांना आहे. हॉस्पिटलचे विश्वस्त, कारखान्याचे मॅनेजर, सोसायटीचे सेक्रेटरी, तुम्ही रिपोर्टवर सही करता. पुढच्या वेळी नुसती सरासरी घेऊ नका. पंचवीसच्या पंचवीस कच्ची रीडिंग मागा, त्या दिवशीचं तापमान मागा, दुरुस्ती लावली का ते विचारा. आणि मोजणी चालू असेल तेव्हा अर्धा तास तिथे उभे राहा.